घशात थांबलेली पूड

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

पोचले एकदाची. वडवणीहून माजलगावची एसटी सणामुळं गच्च भरलेली. कुणाचं तरी झेंडूचं गाठोडं मांडीवर घेऊन आले, त्यात माझी पांढरी ओढणी पिवळी झाली. आई निघताना कुरकुरत होती, सणाच्या दिवशी कोण कामावर रुजू होतं म्हणून. मी म्हटलं, मालकानंच मुहूर्त काढलाय, मी कोण नको म्हणणारी.

मालक म्हणजे विश्वेश्वर आप्पा. दम्याच्या माणसानं तोंडानं ओढायची पूड असते ना, तिच्या कॅप्सूल बनवायचा त्यांचा छोटा कारखाना आहे, माजलगावच्या अलीकडं, चारी बाजूंनी ऊस. संभाजीनगरला इतकी वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली घासली. इथं अख्खी लॅब माझ्या एकटीच्या ताब्यात. राहायला आवारातच दोन खोल्या, नळाला पाणी, आणि महिन्यातून दोनदा आईकडं जाता येईल एवढं घर जवळ. आणखी काय पाहिजे माणसाला.

कालच्या खंडेनवमीची पूजा अजून तशीच होती. दळायच्या यंत्राला माळ, पॅकिंगच्या यंत्राला माळ. इथवर ठीक. पण लॅबमधल्या मोजणीच्या यंत्रावरही विभूतीचे तीन पट्टे ओढलेले बघून माझं डोकंच फिरलं. जिथं धुळीचा कण चालत नाही तिथं राख फासतात. ओल्या फडक्यानं पुसून टाकली, आणि पहिल्याच दिवशी भांडण नको म्हणून गप्प बसले. आई म्हणते माझ्या नाकावर माशी बसत नाही. आज बसू दिली.

मग आप्पांच्या आई आल्या, रुद्राणीअव्वा. कपाळभर विभूती, हातात पेढ्यांचं ताट, तोंडभर हसू. पेढा सरळ माझ्या तोंडात कोंबला. त्याच घटकेला आप्पांनी कागद पुढं केला. एका बॅचची तपासणी झालेली आहे, सही तेवढी राहिलीय, नव्या माणसाच्या हातानं मुहूर्ताची सही होऊन जाऊ द्या, म्हणाले. स्वतः मोजल्याशिवाय मी सही करत नाही, हे सगळ्या संभाजीनगरला ठाऊक आहे. पण तोंडात पेढा, समोर अव्वा, दिवस दसऱ्याचा. केली. सगळ्यांनी आपट्याची पानं दिली, मीही दिली. लई बरं वाटलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

माझं काम कुणाला सांगायला गेलं की लोक जांभया देतात, म्हणून इथंच लिहिते. ओढायच्या औषधात औषध किती आहे यापेक्षा ते किती बारीक दळलंय याला किंमत. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक कण असेल तर तो फुफ्फुसात उतरतो. जाड राहिला की घशात चिकटून बसतो. माणसाला वाटतं औषध घेतलं, आणि आत काहीच पोचलेलं नसतं. दम लागलेल्याला असं फसवण्यापेक्षा विहिरीत ढकललेलं बरं. मी हे पोटतिडकीनं लिहिते कारण दमा मला आईकडून आलाय. माझा पंप कायम माझ्या खिशात असतो, जुन्या कंपनीचा.

मोजायचं यंत्र दिसायला जेवणाच्या उभ्या डब्यागत, म्हणून इथं सगळे त्याला डबाच म्हणतात. एकावर एक थाळ्या रचलेल्या, प्रत्येकीला भोकं, खाली जावं तशी बारीक होत गेलेली. वर वाकडी स्टीलची नळी, तिचं नाव घसा. कारण ती माणसाच्या घशाच्या जागी असते. खालून मोटर हवा ओढते, म्हणजे डबा श्वास घेतो. जाड पूड घशात अडकते, बारीक खालच्या थाळ्यांवर जाऊन बसते. मग एकेक थाळी धुऊन कुठं किती औषध बसलं ते काढायचं.

धुण्यापुसण्याला गीताबाई आहे. पन्नाशीची, जीभ तलवारीगत. माझ्या आधी इथं जीवन नावाचा मुलगा होता, तो का गेला विचारलं तर तेवढ्यापुरती मुकी झाली. परवाच्या पेढ्यापासून माझा घसा जरा खवखवतोय. तिला सांगितलं तर हसली, म्हणाली खाई त्याला खवखवे, मॅडम. मीही हसले. पेढे जास्त झाले म्हणायचं असेल तिला.

५ ऑक्टोबर, रविवार

वडवणीला जाऊन आले. आप्पांनी घरी द्यायला नव्या बॅचच्या कॅप्सूलची पाकिटं दिली होती, माझ्या मुहूर्ताच्या सहीची. आईला कोण आनंद. शेजारच्या बायकांना बोलावून दाखवलं, हे आमच्या वनमालाच्या सहीचं औषध हाय म्हणून. आधीचा तिचा पंप तिनं लगेच शेजारच्या म्हाताऱ्याला देऊनही टाकला. मी रागावले तर म्हणाली, लेकीचं घरात असताना परक्याचं कशाला.

झोपताना तिची शीळ ऐकली. दमेकऱ्याची छाती वाजते, प्रत्येकाची वेगळी. आईची शीळ लांब जाते आणि शेवटाला दोनदा तुटते. लहानपणी त्या आवाजावरच झोपायचे मी, तो चालू आहे म्हणजे आई आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज भांडण झालंच. आप्पा चांदीची वाटी घेऊन लॅबमध्ये आले आणि चालू डब्याच्या घशाला विभूतीची बोटं ओढली. दर सोमवारी ओढतात म्हणे. मोटर चालू, म्हणजे ती राख सरळ आत. मी जे तोंडाला आलं ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, मग हळू आवाजात म्हणाले, ही लॅब महादेवीची होती, आणि विभूतीही तिचीच आहे.

महादेवी त्यांची बायको. माझ्यासारखंच शिकलेली, हेच काम करायची, तिलाही दमा. गेल्या उन्हाळ्यात त्यानंच गेली. खिडकीतून उसाच्या कडेला दगडी चौथरा दिसतो तो मी विहिरीचा समजत होते. ती तिची समाधी. त्यांच्यात दहन करत नाहीत, बसवून पुरतात, भोवती विभूती भरतात. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन आईला फोनवर सांगितलं, तीही हळहळली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

डबा काल स्वतः धुतला, वाळवला. आज नुसती हवा ओढून बघितली, औषध काही घातलंच नाही. तरी सगळ्यात खालच्या थाळीवर करड्या पुडीचा थर. अगदी फुफ्फुसाच्या तळाशी पोचेल अशी बारीक. साखर कारखान्याच्या चिमणीची काजळी असणार म्हणून गीताबाईवर ओरडले, खिडक्या उघड्या ठेवल्यास म्हणून. ती म्हणाली, मॅडम, गाळप दिवाळीनंतर सुरू व्हतंय, चिमणी अजून थंड हाय.

पुन्हा धुतला. पुन्हा थर.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आप्पा वाटी घेऊन आले, बोटं ओढून गेले. मी दातओठ खात मोटर लावली. मोटरच्या आवाजाखाली एक शीळ होती. बेअरिंग गेलं असेल म्हणून बटण बंद केलं. मोटर थांबली, शीळ थांबली नाही. ती घशातून येत होती, लांब, सरळ, आत ओढणारी. मला कुणी शिकवायला नको. ते यंत्र बिघडल्याचं लक्षण नव्हतं. कुणाला तरी दम लागला होता.

गीताबाईला धरून बसवलं, म्हटलं आता बोललीस तरच उठायचं. मग बोलली. दळायच्या यंत्राचं आतलं अस्तर झिजलंय, पूड जाड येते, हे महादेवीअक्कांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. आप्पांना यंत्र बंद ठेवून मागण्या चुकवायच्या नव्हत्या. अक्कांनी सही केली नाही. जीवननं केली. त्याच मालातल्या कॅप्सूल घरात आल्या. अक्कांना अटॅक आला तो इथंच, या टेबलाशी. आप्पांनी घाबरून हाताला लागली ती कॅप्सूल दिली. अक्का ओढत राहिल्या, ओढत राहिल्या, आणि आत काही जाईना. गीताबाई म्हणाली, शेवटी त्यांच्या जिभेवर सगळी पांढरी पूड व्हती, आणि डोळे आप्पांकडं.

मातीच्या वेळची उरलेली विभूती तिथंच ठेवायची असते, असं गीताबाईचं म्हणणं. आप्पांनी ती वाटीत भरून परत आणली आणि अक्कांचं यंत्र म्हणून ह्याच्या घशाला लावायला लागले. गीताबाईनं हात जोडून सांगितलं होतं, आप्पा, तिला परत बोलवू नका. बाईमाणसाचं कोण ऐकतंय.

जीवन मेला. दमा त्याला कधीच नव्हता. स्वतःच्या शर्टाची बटणं तोडत मेला आणि घशात पांढरी पूड सापडली. हे ऐकून भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सध्याचा माल मोजला. निम्म्याहून जास्त औषध घशातच. हे औषध नाही, गोड बोलून केलेला खून आहे. आप्पांकडं गेले, यंत्र बदला म्हटलं. दिवाळीनंतर बघू, म्हणाले. आधी हा माल जाऊ द्या, सही करून टाका. मी कागद त्यांच्या टेबलावर आपटून आले.

दुपारी उमापूरच्या एका मेडिकलवाल्याचा फोन. तिथल्या शाळेतल्या सत्यभामाबाई, मुलांना कवायत शिकवताना दम लागला, आमची कॅप्सूल ओढली, पुन्हा ओढली, आणि गेल्या. हातात आमचं पाकीट होतं. मेडिकलवाला शिव्या देत होता आणि मी ऐकत होते. जीवननं पास केलेला जुना माल असणार. कोणती बॅच ते विचारायचंही भान राहिलं नाही, एवढी तळपायाची आग मस्तकाला गेली.

उसाच्या कडेनं समाधीवर गेले. बेलाचं पान ठेवलं आणि महादेवीला सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, जे आहे ते लिहिते. म्हटलं, अक्का, न मोजता सही करणाऱ्याला जीवनसारखं सोपं मरण देऊ नकोस. त्याला जिवंत ठेव. त्याच्या जिवाचं जे माणूस असेल त्याचा दम घे, त्याच्या कानादेखत घे, म्हणजे त्याला कळेल.

उसात वारा नव्हता. तरी सगळी पानं एकदा आत ओढल्यासारखी समाधीकडं झुकली. मी भ्याले नाही. कुणीतरी आपल्या बाजूचं भेटल्यासारखं वाटलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहाटे अभ्यंगस्नान, सकाळी कामावर. दिवाळीआधी माल गाडीत चढवायचा म्हणून आप्पा सकाळीच कागद घेऊन आले. मी सही करणार नाही म्हटलं. त्यांनी गोड बोलून बघितलं, मग नोकरीची आठवण करून दिली. मी म्हटलं, एवढा भरवसा आहे तर तुमीच करा की सही, मालक तुमी. माझा आवाज साखरेगत गोड होता. मला माहीत होतं मी काय करतेय.

हसले, आणि केली. मग वाटीतली विभूती घशाला लावायला वाकले. मोटर बंद होती. तरी बोटांवरची राख नळीत ओढली गेली, सगळी, एका श्वासात. आप्पांनी बोटांकडं बघितलं. ती पुसत पुसत निघून गेले.

ये गं अक्का, असं मी म्हटलं. डबा ऐकत होता.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

रुद्राणीअव्वा गेल्या. पूजेला बसल्या होत्या, आप्पा शेजारी. एकाएकी श्वास ओढायला लागल्या. आयुष्यात कधी दमा नव्हता. आप्पांच्या मांडीवर गेल्या, गाडी काढेपर्यंत. तोंडात पांढरी पूड.

आप्पा ओरडत होते ते माझ्या खोलीपर्यंत ऐकू आलं. मी दार लावून करंजी खाल्ली. आता कळलं का, असं भिंतीला म्हटलं.

पण पेढा अव्वांनीच भरवला होता. तो हात सारखा आठवतोय. त्यांनी काय केलं होतं. त्यांनी तर काहीच—

मी मागितलं तसंच झालं. अगदी तसंच.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

अव्वांना महादेवीशेजारी बसवलं. या वेळी विभूतीचा कणही परत आणला नाही, वाटीसुद्धा आत टाकली. आप्पा जेवत नाहीत, बोलत नाहीत, दारात बसून असतात. संपलं असं वाटलं. डब्याची वायर मी कात्रीनं कापली.

आईला फोन केला, सुतकाच्या घरातून लगेच निघता येईना, शनिवारी येते म्हटलं. बरी आहेस ना विचारलं. बरी हाय म्हणाली. आवाज जरा दाटलेला. फटाक्यांचा धूर लई झालाय म्हणाली.

माझा घसा खवखवतोय. दसऱ्यापासून एकदाही थांबला नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

वायर कापलेला डबा श्वास घेतोय.

आवाज वेगळा आहे. आधी सरळ शीळ होती. आता लांब जाते आणि शेवटाला—

नाही. मोटर गरम असेल. मोटरला वीजच नाही.

गीताबाईला विचारलं, जीवन कधी मेला. पोळ्याला, म्हणाली. पोळ्याला. मी सही केलेली बॅच दळली ती गणपतीनंतर. मग तपासली कोणी. तपासणी झालीय, सही तेवढी राहिलीय. मेलेल्या माणसाची राहिलेली सही.

कुणीच मोजलं नव्हतं. पेढा तोंडात होता आणि मी—

उमापूरला फोन केला. सत्यभामाबाईंचं पाकीट मेडिकलवाल्यानं जपून ठेवलंय. दसऱ्याची बॅच. माझी.

अक्का, मी आप्पाचं म्हणत होते. मी आप्पांबद्दल म्हणत होते.

शेवटाला दोनदा तुटते.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी आईनं फोन उचलला. बोलवेना तिला. लाजत सांगितलं, तुझ्या औषधानं गुण येईना गं, पण तुला कसं सांगू, लेकीची सही हाय त्याच्यावर. म्हणून जास्त जास्त घेत गेले. मी ओरडले, फेकून दे, शेजारच्याकडून तुझा जुना पंप आण, दवाखान्यात जा. शेजारी दिवाळीला लेकीकडं गेलेत. घराला कुलूप.

मी निघाले होते. दारापर्यंत गेले की डब्यातली शीळ आवळते. परत येऊन घसा उघडला. आत पांढरी पूड, गच्च. धुतला, तर श्वास मोकळा झाला. फोन चालूच होता, आईचाही झाला, त्याच क्षणी. मग पुन्हा भरला.

मी इथून हलू शकत नाही. माझा पंप गीताबाईला दिला. म्हटलं एसटी, जीप, काहीही, वडवणी, आईचं घर. ती पळत गेली. आप्पा दारातून बघत होते. त्यांना सगळं माहीत आहे. जागचे हलले नाहीत. मीही त्या दिवशी करंजीच खात होते.

धुतेय. भरतोय. धुतेय.

माझाही दम भरून आलाय. पंप नाही. नसू दे. माझा घे ना. अक्का, माझा घे, सही माझी आहे, माझा घे—

मीच सांगितलं होतं जिवंत ठेव म्हणून.

गीताबाईचा फोन. तेलगाव सोडलं म्हणे. पोचतेच.

पूड आता धुतली तरी जात नाही. बोटानं काढतेय. शीळ बारीक झालीय. लांब जाते. एकदा तुटते. थांबते. ये आई. दुसऱ्यांदा तुट. तुट ना—

एकदा

डबा गप्प झाला. घसा स्वच्छ आहे. एक कणही नाही.

फोन वाजतोय. गीताबाईचा. मी उचलत नाही. उचलला नाही तोपर्यंत आई